म्हाताऱ्या मांजरीचं अभ्यंगस्नान

आमची मांजर मूळची पांढरीशुभ्र. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुमचा विश्वास बसणार नाही.

परदेशात, क्वीन्सटाउनच्या आमच्या भाड्याच्या सरकारी फ्लॅटमध्ये ती नवऱ्याच्या एका सहकाऱ्याकडून आली. दोघेही बोटीवरचे इंजिनियर. त्याची बदली झाली तेव्हा तो काही कुंड्या आणि एक मांजर आमच्या दारात ठेवून गेला. कुंड्या लवकरच गेल्या, मांजर राहिली. तसल्या सरकारी फ्लॅटमध्ये तेव्हा मांजर पाळायला बंदी होती. त्यामुळे ती आमचं गुपित होती, आणि अख्खा मजला ते गुपित इमानाने पाळत होता.

आली तेव्हाच ती पोक्त होती. आत्ता कुणी मुलाखतीला बोलावेल अशा थाटात दिवसभर स्वतःला चाटूनपुसून बसायची. पण नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका पावसाळी वर्षात, तिने हे चाटणं सोडलं. पाठीवरचे केस आधी विस्कटले, मग चिकट झाले, शेपटीजवळ त्यांच्या गुठळ्या झाल्या. सोफ्यावरून ती उठली की मागे रवा सांडल्यासारखा कोंडा. उचलली की हाडं हाताला लागायची. पाण्याचं भांडं मात्र सारखं रिकामं.

"आई, समथिंग इज राँग विथ हर," मुलगी म्हणाली. ती तेव्हा शाळेत होती आणि मराठीला तिथल्या, शेवटी 'लाह' लावायच्या इंग्रजीत उत्तर द्यायच्या वयात होती. "टेक हर टु द व्हेट, लाह."

"काही राँग नाही. म्हातारी झालीय आणि आळशी झालीय. मीही होणार आहे."

खरं म्हणजे मला त्या मांजरीची लाज वाटायला लागली होती. दिवाळीच्या फराळाला शहराच्या दुसऱ्या टोकाहून, बेडोकहून मंडळी यायची होती, त्यात पुण्याहून नुकतीच आलेली दोन कॉम्प्युटरवाली जोडपी. इस्त्रीची माणसं. त्यांच्यापुढे हे कोंडा पाडणारं ध्यान कसं बसवायचं?

केसांत कोंडा झाला की तेल, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे मुलीला पाटावर बसवून तेल लावलं. वाटीत थोडं उरलं, छान कोमट. माझी नजर वाटीवरून मांजरीवर गेली.

"आई, नो."

"सणाचा दिवस आहे. आज आंघोळ केली नाही तर नरकात जातात."

"कॅट्स डोंट गो टु नरक!"

"तू जाऊन पाहून आलीस?"

आणि मी मांजरीला पाटावर घेतलं. रीतसर, मानेपासून शेपटीपर्यंत तेल जिरवलं. तिने विरोध केला नाही, फक्त कमरेवर हात दाबला तेव्हा बारीकसा आवाज काढला. मला वाटलं, सुखावली. मग उटणं. माझ्या आईने पुण्याहून पाठवलेलं, आणि आई उटण्यात हळद घालताना हात आखडता घेत नाही. शेवटी पाणी. पहिला तांब्या अंगावर पडला मात्र, अंगात होती नव्हती ती सगळी ताकद काढून ती पळाली ती थेट पलंगाखाली.

बाहेर आली तेव्हा झेंडूच्या फुलासारखी पिवळी होती. तेलाने केस अंगाला चिकटलेले, आणि त्या केसांखाली मांजर जवळजवळ उरलीच नव्हती. इतकी ती बारीक झाली होती. तिने एकदा पंजा चाटला, तेल ओकली, आणि न्हाणीघराच्या दाराशी आडवी झाली. दूध नको, मासा नको. मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "शी इज गोइंग टु डाय. अँड यू मेड हर यलो."

सुट्टीचा दिवस असूनही एक प्राण्यांचा दवाखाना उघडा सापडला. आता पिवळी मांजर लिफ्टमधून न्यायची कशी? चकल्यांची टोपली रिकामी केली, मांजर आत, वर जरीचा रुमाल, मागोमाग मुलगी. लिफ्टमध्ये नेमक्या शेजारच्या चिनी आंटी.

"हॅपी दीपावली!" त्यांनी कौतुकाने टोपलीकडे पाहिलं. दर वर्षी मी त्यांना फराळ देत असे. टोपलीतून एक क्षीण म्याव आलं.

"योर मुरुक्कू क्राइंग, आह?" आंटी म्हणाल्या, कारण चकलीला तिथे मुरुक्कू म्हणतात, आणि उरलेले सगळे मजले सभ्यपणे छताकडे पाहत राहिल्या.

दवाखान्यातल्या बाकावर विंचरलेल्या, फुगलेल्या, रिबिनी लावलेल्या मांजरी बसल्या होत्या. आमच्या टोपलीतून उटण्याचा घमघमाट. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रुमाल उचलताच त्यांचा चेहरा पडला. कावीळ, लिव्हर, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी घाईघाईने मांजरीच्या हिरड्या पाहिल्या, डोळे पाहिले, कान उलटे करून पाहिले. मग स्वतःचं बोट पाहिलं. तेही पिवळं झालं होतं.

"व्हाय इज शी यलो?"

"टर्मरिक," मी म्हणाले.

"व्हाय?"

माझ्याकडे सहसा कशालाही उत्तर असतं. "फेस्टिव्हल," मी म्हणाले, आणि मागच्या बाकावरची रिबिनवाली मांजरसुद्धा माझ्याकडे पाहते आहे असं मला वाटलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी सावरले असते. त्यांनी मांजरीची कंबर हळूच हलवून दाखवली. सांधे आखडलेत, पाठीकडे वळताच येत नाही, मग ती चाटणार कशी? एक दात किडलाय, तोंड दुखतं. आणि मूत्रपिंडं थकली असावीत, म्हणून सारखं पाणी आणि वजन कमी. रक्त तपासू. "शी इज नॉट लेझी," त्या म्हणाल्या. आळशी हा शब्द मी तिथे उच्चारलाच नव्हता. तो मुलीने त्यांना सांगितला होता.

गुठळ्या कापून काढल्या, तेल धुतलं, कातडीखाली सुईने पाणी दिलं. मांजर आता अर्धी भादरलेली, अर्धी फिकट पिवळी. दुसऱ्या दिवशी फोनवर रिपोर्ट कळला. मूत्रपिंडांचाच आजार. बरा होणारा नाही, पण सांभाळता येण्यासारखा. फक्त तिने खायला हवं. "संध्याकाळपर्यंत स्वतःहून खाल्लं नाही तर घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग आपल्याला वेगळं बोलावं लागेल."

त्याच संध्याकाळी फराळाची मंडळी येणार होती. पैठणी नेसून मी आरशापुढून निघाले ती थेट पलंगाखाली अर्धी शिरून आडवी झाले. मांजर पलंगाखाली भिंतीला पाठ लावून बसली होती. मुलीने बाजारातून मऊ शिजवलेला मासा आणला होता. माझ्या शाकाहारी हाताने मी तो कुस्करला, चार बोटांवर घेतला आणि जाईल तितका हात आत नेला. तिने तोंड फिरवलं. मी हात तिथेच ठेवला.

बेल वाजली. मुलीने दार उघडलं.

"आई कुठेय गं तुझी?"

"अंडर द बेड."

पावलं खोलीच्या दाराशी येऊन थांबली. मला फक्त साड्यांचे नवे कोरे काठ दिसत होते, आणि मंडळींना माझे तळवे.

"वहिनी, काही हरवलंय का? आम्ही शोधू?"

एरवी मी यावर काहीतरी फर्मास बोलून, टाळ्या घेत बाहेर आले असते. पण तेवढ्यात बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. एकदा. मग पुन्हा. मग दुखरा दात सांभाळत, एका बाजूने चावल्यासारखं.

दाराशी कुणीतरी खुदकन हसलं.

"शूऽऽ," मुलगी म्हणाली. "शी इज ईटिंग."

मी तशीच पडून राहिले. पदर धुळीत, हात माशात आणि निम्मं अंग पाहुण्यांच्या पुढ्यात.