देवाचे अत्तर आणि घरातली मेथी

बसा निवांत. चहात आत्ताच आले पडले आहे, उकळायला वेळ लागेल. तोवर तुम्हाला माझी एक फजिती सांगून टाकतो. लपवून ठेवण्याचा विचार केला होता, पण उपयोग नव्हता; त्या फजितीला वास होता.

तुम्ही मला ओळखताच. आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरातली सकाळची पूजा माझ्याकडे आहे. देऊळगाव राजाच्या बसमधून उतरले की आधी मंदिराचा कळस दिसतो, आणि कळसाखाली बहुधा मी दिसतो. संतवाङ्मयाच्या वाचनात माझे आयुष्य गेले. अहंकार हा परमार्थाच्या वाटेवरचा सर्वांत मोठा शत्रू आहे, या विषयावर मी तासभर सहज बोलतो, आणि बोलून झाले की मला स्वतःविषयी फार बरे वाटते.

तर या मार्गशीर्षात आमच्याकडे सप्ताह होता. आमची शकू जालन्याला दिली आहे. तिने देवासाठी अत्तराची एक लहानशी कुपी पाठवली आणि फोनवर बजावले, “बाबा, काल्याच्या कीर्तनापर्यंत पुरवून वापरा. आदल्या दिवशी मी येतेय. काल्याला माझ्या डोळ्यांदेखत देवाला लावायचं.”

अत्तर काय होते म्हणून सांगू! एका फुलाचे नव्हतेच ते. फाया देवाच्या छातीवर टेकवला की पहिल्यांदा मोगरा यायचा. आरतीपर्यंत केवडा वर चढायचा, मागून गुलाब डोकावायचा, आणि दुपारी गाभाऱ्याचे दार उघडले की सगळी फुले निजलेली आणि एकटे चंदन जागे. त्या काळ्या पाषाणावर ते अत्तर असे काही खुलायचे की देवही आणखी थोडा ताठ उभा राहिला आहे, असे मला वाटे.

देवाला लावून झाले की उरलेला फाया प्रसाद म्हणून कानाच्या पाळीत खोवायचा, ही आमच्या वडिलांपासूनची रीत. हल्ली मला बारीक दिसत नाही, त्यामुळे माझा फाया जरा भरदार असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. मी ठेवली नाही.

सप्ताह सुरू झाला आणि दोन चमत्कार एकदमच घडू लागले. मंदिरात कुपीतले अत्तर झपाझप उतरू लागले, आणि घरात मला मेथीच्या भाजीचा वास येऊ लागला.

सप्ताहात मी एकभुक्त असतो, एकदाच जेवतो, तेही घरी. अशा माणसाला दिवसभर मेथी दरवळत असेल तर त्याच्या मनाची काय अवस्था होत असेल? जपाला बसावे तर मेथी. पोथी उघडावी तर मेथी. शेवटी मी आमच्या मंडळींना विचारले, “रोज मेथी करतेस, मग माझ्या ताटात वरणच का येते?”

तिने पदर नाकाला लावला. “घरात मेथीची काडी नाही. वास मलेही येते. मले वाटलं, तुमीच कोनाच्या घरी जेऊन येऊन राह्यले.”

म्हणजे पाहा, ज्या व्रताचा मला अभिमान, त्याच व्रताविषयी माझ्या घरात संशय! मी शिंकाळे पाहिले, फडताळ पाहिले, तांदळाच्या कोठीतसुद्धा डोकावलो. ती मागे उभी राहून म्हणाली की, बाहेर जेवणारा माणूस घरात इतका शोध घेतो, हे तिने पहिल्यांदाच पाहिले.

मेथीचा छडा लागेना, तेव्हा मी अत्तराकडे वळलो. काल्याच्या आदल्या दिवशी सकाळी कुपी उजेडात धरली तर तळाशी चार थेंब. शकू संध्याकाळी येणार. लेकीला काय सांगू? देवाचे अत्तर वाऱ्याने नेले?

गाभाऱ्याच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या जानव्याला आणि दुसरी बबनरावांकडे. बबनराव आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. उंच, शांत माणूस. संध्याकाळी मंदिर तेच उघडतात, समई लावतात आणि पेटी घेऊन बसतात. माझा सूर चढला की पट्टी बदलून मला सांभाळून घेतात, आणि तसे केल्याचे कुणाला कळू देत नाहीत. त्यांच्यावर संशय घ्यावा असे माझ्या मनातही आले नव्हते.

पण त्या संध्याकाळी काय झाले, भजन संपले. आमच्याकडे भजन संपले की एकमेकांच्या पाया पडायचे आणि उराउरी भेटायचे. बबनराव माझ्या शेजारी बसतात, त्यामुळे पहिली भेट नेहमी त्यांची. एरवी माझे लक्ष नसते, पण त्या दिवशी नाक अत्तराच्याच मागावर होते. मी त्यांच्या खांद्यावर मान टेकवली आणि जागच्या जागी थिजलो.

केवडा. त्यामागून गुलाब. आणि खाली, अगदी तळाशी, चंदन.

मी मिठी सोडीना. पुन्हा एकदा खोल श्वास घेऊन खात्री केली. बबनराव हळूच म्हणाले, “नाना, तबेत बरी हाये ना?”

न्यायाने वागावे म्हणून बाकीच्यांनाही भेटलो आणि प्रत्येकाच्या खांद्याचा वास घेतला. मृदंगवाले शेषराव मृदंगाला कणीक लावतात. त्यांना गुलकंद भरलेल्या शिळ्या पोळीचा वास आला. गणपतराव तंबाखूचे, त्यांना बाजारातल्या पानाच्या टपरीसारखा. मी मनाशी म्हटले, हे ज्याचे त्याचे वास आहेत, हे निर्दोष आहेत. देवाचा वास एका बबनरावांनाच.

इथे शहाणा माणूस घरी गेला असता. पण मला सप्ताहाच्या मंडपात, इतकी मंडळी जमलेली असताना, गप्प कसे बसवेल?

“बबनराव,” मी म्हणालो, “देवाचे अत्तर तुमच्या अंगावर कसे आले?”

“अत्तर? म्या तं जिंदगीत अत्तर लावलं नाही, नाना.”

“गाभाऱ्याची दुसरी किल्ली तुमच्याकडे असते.”

गणपतरावांनी तोंडातला तंबाखू चघळणे थांबवले. तेवढ्यावर तरी मी थांबावे? नाही. देव किती क्षमाशील आहे, या विषयावर मी चार वाक्ये बोललो. चारही सुंदर होती.

बबनरावांनी पेटीचा भाता बंद केला, कडी लावली, वर रुमाल पसरला. मग किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

“उद्या काल्याले दुसरा पेटीवाला पाहा,” ते म्हणाले. “पन नाना, माह्या अंगाले देवाचा वास येते, आन ते पाप कसं झालं, हे काई मले समजलं नाही.”

ते गेले. त्यांच्या मागे कुणी माझ्याकडे पाहिलेही नाही. तरीही घरी जाताना माझ्या चालीत थोडा विजय होता, हे नाकारत नाही.

शकू येऊन बसलेली होती. ती पाया पडली, मी तिच्या डोक्यावर हात ठेवून वाकलो, आणि ती नाक मुरडत उठली. “आई, बाबांना मेथीचा वास कसा काय गं?”

“तेच तं मी रोज इचारून राह्यली.”

मी दोघींना थांबवून मोठी बातमी सांगितली: चोर सापडला, तोही नुसत्या वासावरून. चोराचे नाव ऐकून शकूचा चेहरा उतरला. बबनकाकांच्या मांडीवर बसून ती सारेगम शिकली होती. ती माझ्या अगदी जवळ आली आणि माझ्या कानाकडे पाहत राहिली.

“बाबा, हे काय आहे?”

“देवाचा प्रसाद.”

तिने फाया ओढून काढला. आमच्या मंडळींनी तो हातात घेऊन दाबला, तर बोटांवर तेल आले. “हा फाया हाये का गादी?” ती म्हणाली. “अर्धी कुपी तं इथंच हाये.”

शकूने फाया स्वतःच्या मनगटावर घासला. थोडे थांबून मला वास दिला: मोगऱ्याचा गजरा. आईच्या मनगटावर घासला: देवघरातले जुने चंदनाचे खोड. मग माझ्या मनगटावर.

मेथी. ताजी, लसणाची फोडणी दिलेली, चांगली परतलेली मेथी.

“दुकानदारानं मला सांगितलं होतं,” शकू म्हणाली, “हे अत्तर प्रत्येकाच्या अंगावर वेगळं उमलतं. आता सांगा बाबा, तुम्ही बबनकाकांना भेटता तेव्हा तुमचा हा कान कुठं टेकतो?”

शेषरावांचा गुलकंद, गणपतरावांची टपरी, बबनरावांचा देव, सगळे माझ्याच कानातून वाटले गेले होते. सप्ताहभर मी देवाचे अत्तर मिठी मारमारून गावभर पोहोचवले, आणि ज्याच्या अंगावर ते सर्वांत शोभले त्यालाच चोर ठरवले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नारळ घेऊन मी बबनरावांच्या दारात उभा राहिलो. ते गोठा झाडत होते. त्यांनी झाडणे थांबवले नाही.

“बबनराव, चोर सापडला.”

“आता कोन?”

मी पुढे होऊन कान त्यांच्यासमोर धरला. “वास घ्या.”

त्यांना बहुतेक वाटले की माझे डोके फिरले. पण वडील माणसाचे ऐकायचे म्हणून वाकले. “मेथी,” ते म्हणाले.

“तेच देवाचे अत्तर आहे. माझ्या कानातले. ते रोज मीच तुमच्या खांद्याला पुसत आलो.” आणि मी त्यांच्या पायाशी वाकलो. त्यांनी मला मध्येच धरले. मग त्यांच्या पोटातून असे हसू आले की गोठ्यातली म्हैस दचकून बाजूला झाली.

“येतो मी काल्याले,” डोळे पुसत ते म्हणाले. “पन आज भेट लांबूनच बरी, नाना.”

काल्याच्या दिवशी उरलेले चार थेंब मी बबनरावांच्या हातून देवाला लावून घेतले, शकूच्या डोळ्यांदेखत. फाया त्यांनी मुगाएवढा केला, तरी पुरले. कीर्तन झाले, पेटी अशी वाजली की मला माझा सूरही बरा वाटला. शेवटी भेटीची वेळ आली, तेव्हा सारे मंडळ बबनरावांना उराउरी भेटायला रांगेत उभे राहिले. माझ्यापाशी आले की मात्र जो तो दोन पावले मागे सरून मोठ्या आदराने हात जोडत होता.

जाताना शकूने विचारले, “बाबा, पुढच्या सप्ताहाला हेच अत्तर पाठवू का?”

मी म्हणालो, “पाठव. देवाला आवडले, बबनरावांना शोभले. एकट्या माझ्याच अंगावर त्याची भाजी झाली.”