खोली रिकामी करायची वेळ

केरळातल्या वर्कलाला समुद्राच्या कड्यामागच्या गल्लीत सहदेवअण्णांच्या आणि माझ्या घरामध्ये कमरेएवढी भिंत आहे. ती मी ओलांडत नाही, फक्त तिच्यावर कोपरं टेकून उभी राहते. बाकीचं आपोआप ऐकू येतं.

अण्णा तीस वर्षं सरकारी बसवर कंडक्टर होते. बिनतिकिटाचा सापडला की भर रस्त्यात उतरवायचे, मग तो गावचा सरपंच का असेना. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या दोन खोल्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्या परदेशी पोरांना द्यायला काढल्या. एक वर, एक तळमजल्यावर. चारशे रुपये रात्र, नाश्ता त्यातच. तळमजल्यावर मात्यास आला, हंगेरीचा. तीन रात्रींसाठी आला आणि सहावा आठवडा लागला.

आता अण्णांच्या लेकीला, अंबिलीला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरचं. ज्योतिषाने गुरुवारी सकाळची दहा ते दहा-वीस ही वेळ काढून दिली. तिच्या खोलीत दिवा लावायचा आणि मगच तिने उंबरा ओलांडायचा. तिला जिना चढायची मनाई, म्हणजे खोली तळमजल्याचीच हवी. वरची आधीच भाड्याने गेलेली. आणि तिथे मात्यास घोरतोय.

सोमवारी अण्णा म्हणाले, "थंकमणी, आज सांगतोच त्याला."

तासाभराने तोंड पाडून परत आले. "पुट्टू खाऊन नुकताच उठला होता गं. भरल्या पोटी माणसाला नीघ कसं म्हणू?"

"मग खायच्या आधी सांगायचं."

"उपाशी घालवू? माणूस आहे की कोण मी?"

मंगळवारी घरातून कुणाला वाटेला लावत नाहीत, म्हणून तो दिवस तसाच गेला. तरी अण्णांनी आडून सुचवून पाहिलं, की मुलगी येतेय राहायला. मात्यासने त्यांना कडकडून मिठी मारली आणि म्हणाला, वा, मला भेटायचंच होतं तिला.

"मी सांगू का?" रेवम्मा, त्यांची बायको, म्हणाली.

"बाईमाणसाने पाहुण्याला हाकलायचं? मी मेलो का?"

"मेला नाहीत, पण उपयोग काय!"

उरला बुधवार. मात्यास उठला बाराला, आणि बारा ते दीड राहुकाळ. अण्णा व्हरांड्यात घड्याळ मांडीवर घेऊन बसले. दीड वाजला तेव्हा हा मासळीची आमटी आणि भात ओरपत होता. जेवला आणि थेट समुद्रावर गेला. अण्णांचं तोंड कैरी चावल्यासारखं झालं.

"संध्याकाळी येईल तेव्हा सांगा की," मी म्हटलं.

"दिवा लागल्यावर? दिवेलागणीला लक्ष्मी आत येते आणि मी माणूस बाहेर काढू?"

"मग किनाऱ्यावर जाऊन सांगा. तिथे ना उंबरा, ना दिवा!"

हे त्यांना पटलं. मुंडू वर खोचून तरातरा निघाले. मला वाटलं, झालं एकदाचं. अर्ध्या तासात ते वाळूने भरलेल्या पायांनी भिंतीपाशी उभे, रागाने लाल.

"तुझी अक्कल! पापनाशमचा किनारा तो. माझ्या बापाचे पिंड मी तिथे सोडलेत. 'आता जा' असं त्या वाळूवर आपण फक्त मेलेल्यांना सांगतो. जिवंत पोराला सांगू?"



गुरुवारी दहाला पाच कमी असताना अंबिली रिक्षातून उतरली. अंगणात पोट सावरत उभी, मागे सात प्रकारच्या मिठायांच्या टोपल्या, आणि समोर बंद दार. काय झालं ते रेवम्माने तिच्या कानात सांगितलं. पोरीने बापाकडे एकदा पाहिलं आणि खिडकीवर थाप मारली.

"मात्यास! ही माझी खोली आहे. बाहेर ये."

तो डोळे चोळत आला. तिचं पोट पाहून बिचारा ओशाळला. "आधी का नाही सांगितलं? मी तर तीनदा बॅग भरली होती. दर वेळी अण्णा म्हणायचे, बस, जेव. मला वाटलं, त्यांना करमत नाही."

पाच मिनिटांत त्याची बॅग भरून झाली. संपलं असतं तिथेच. पण पोरगं संस्कारी निघालं. बाळंतिणीची खोली म्हणून त्याने झाडू मागून घेतला, पलंग ओढला, कोळ्याची जाळी काढली, फरशी दोनदा पुसली.

"पुरे रे! पुरे!" अण्णा दाराबाहेर नाचत होते.

"दोन मिनिटं, अण्णा," तो आतून म्हणाला.

तो ओला फडका घेऊन बाहेर आला तेव्हा दहा-पस्तीस झाले होते. खोली आरशासारखी चकचकीत. ज्योतिषाला फोन लावला. तो म्हणाला, आता दुपारी तीन-दहाशिवाय नाही.

म्हणून अंबिली पाच तास माझ्या व्हरांड्यात पाय पसरून बसली, मिठायांच्या टोपल्याही माझ्याकडेच. मात्यास बाराच्या बसने गेला. अण्णा भिंतीपलीकडे पाठ करून बसले होते. मी दोनदा विचारलं, अण्णा, टोपलीतलं एक अच्चप्पम देऊ का?