मोटारीचं गाळलेलं पाणी

मोटारीवर बसण्याआधी मी शेटजींची बंडी हाकायचो. शेटजी जैन, वाशिमात कापसाचे व्यापारी. बाहेरगावी निघालो की त्यांच्या घरच्या बाई धुतलेल्या दुहेरी फडक्याची घडी माझ्या हातात द्यायच्या. विहिरीचं पाणी त्यातून गाळायचं, फडक्यात अडकलेले जीव त्याच विहिरीत हळूच परत सोडायचे, मगच शेटजी पाणी प्यायचे. घराबाहेर ते माझ्याच हातचं प्यायचे, दुसऱ्या कुणाच्या नाही. मी अनसिंगकडचा शेतकऱ्याचा पोरगा, जैन नाही काही नाही. पण या गोष्टीचा मला भारी तोरा होता.

पुढे शेटजींनी जुनी मोटार घेतली आणि बंडीवरून उचलून मला तिच्यावर बसवलं. रेडिएटरच्या टोपणावर काचेची गोल डबी होती, तिच्यात लाल रेघ. आतलं पाणी तापलं की रेघ चढायची. माझं सगळं ड्रायव्हिंग त्या रेघेकडे पाहून चालायचं. चढावर गाडी दामटायची नाही. थांबलो की तिचं तोंड वाऱ्याकडे करायचं. पाणी ओतायचं ते इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं. तापल्या लोखंडावर गार पाणी एकदम पडलं की ते तडकतं. शेटजींनी गाळायचा नेम मोटारीलाही लावला. "पान्यात जीव असतात बापा, उकळून कायले मारतं त्यायले?" म्हणायचे. मी मनात म्हणायचो, घ्या, आता रेडिएटरलाही सोवळं!

एका जमीनदारानं नवीकोरी मोटार आणली आणि भरबाजारात शेटजींना डिवचलं. ठरलं, वाशिमहून निघायचं आणि शेलूबाजार आधी गाठायचं. शेटजी मला म्हणाले, "जिंकला त मोटार तुह्या हाती. नाई त अकोल्याहून शिकेल ड्रायव्हर आनतो, तू आपली बंडी धर." मोटार चालवून परत बैलांच्या शेपट्या पिरगाळायच्या? गावानं तोंडात शेण घातलं असतं.

उन्हाळ्याचे दिवस. सकाळी लवकर निघालो तरी ऊन चटके देत होतं. बाईंनी दोन फडकी दिली होती, दोन थांब्यांसाठी दोन. पहिल्या विहिरीवर मी रीतसर गाळलं. जीव परत सोडेपर्यंत मागचा जमीनदार भोंगा वाजवत पुढे गेला. "काय शेटजी, मोटारीचा उपास सोडून राह्यले काय?" असं वर ओरडला. रेडिएटरच्या आधी माझं डोकं उकळलं.

दुसऱ्या थांब्याला रस्त्याखाली नाला होता. शेटजी गाडीतच बसले, मी डबा घेऊन उतरलो. डबक्यातून नुकत्याच म्हशी उठून गेल्या होत्या. समोरच्या चढावर जमीनदाराची मोटार वाफा टाकत उभी दिसली. दुसरं फडकं माझ्या कमरेला खोचलेलं होतं. घडी उलगडायला असा कितीसा वेळ लागतो? मी नाही उलगडली. डबा तसाच बुडवला, तसाच नेऊन ओतला.

चढावर आम्ही त्याला मागे टाकलं. शेटजी मांडीवर थाप मारून हसत होते. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. शेलूबाजारची झाडं दिसू लागली आणि लाल रेघ सरसर चढली. मी वेग कमी केला, गाडी वाऱ्याला धरली. छे! टोपणातून वाफ फुसफुसली आणि इंजिननं दम सोडला. जमीनदार आमच्यावर धूळ उडवत निघून गेला.

गाडी निवल्यावर मी रेडिएटरची खालची तोटी सोडली. थेंब येईना. तारेनं टोचलं तेव्हा शेणकट चिखल आला, मागून शेवाळ. शेटजी बाजूला उभे राहून पाहत होते.

"पानी गाळलं होतं काय?"

"हाव, शेटजी."

त्यांनी हात पुढे केला. मी कमरेचं फडकं काढून दिलं. पांढरंशुभ्र, बाईंनी सकाळी घातलेली घडी जशीच्या तशी. ते तिच्याकडे पाहत राहिले, माझ्याकडे पाहिलंच नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं, पण त्यांनी आवाजही चढवला नाही. फडकं खिशात ठेवलं आणि गाडीत जाऊन बसले.

मोटार मात्र माझ्याच हाती राहिली. अकोल्याचा ड्रायव्हर काही आला नाही. "तुले ती रेघ समजते," एवढंच म्हणाले. पोहरादेवीच्या यात्रेतल्या गर्दीतून, भर उन्हाळ्यात, कितीतरी वर्षं मी ती चालवली आणि पुन्हा कधी उकळू दिली नाही. दर विहिरीवर त्यांच्यासमोर पाणी गाळायचो, जीव परत सोडायचो, तांब्या भरून पुढे करायचो. शेटजी "ठेव" म्हणायचे, खिशातून आपलं फडकं काढायचे आणि त्याच विहिरीचं पाणी स्वतः गाळून प्यायचे. मी गाळलेलं पाणी त्यानंतर फक्त मोटार प्यायली.