बोहनीच्या आधी रिकामं खोकं

पांढुर्ण्याच्या बाजारात सुचिता सकाळीच एका किराणा दुकानाची पायरी चढली. हातात नमुन्याचं खोकं होतं. पुठ्ठ्याचं, नवंकोरं. दुकानदार देवाला उदबत्ती ओवाळत होता. तो तिथूनच ओरडला, "ओ बाई! बोहनी व्हायची हाय अजून. रिकामं खोकं घेऊन काहून चढून राहिली?"

ती उतरली. शेजारच्याने ते ऐकलं होतं. त्याने तिला पायरीलाही पाय लावू दिला नाही.

खोकी विकणाऱ्याच्या हातात रिकामं खोकंच असणार. पण दिवसाच्या पहिल्या विक्रीआधी रिकामं खोकं समोर येणं अपशकुन, ही गोष्ट तिच्या आधी लक्षात आली नव्हती. सौंसरला घरी परत आल्यावर तिने सांगितलं, तेव्हा तिचा नवरा आशिष हसला. ती हसली नाही. म्हणाली, "उद्यापासून भरूनच न्या लागते."

मी निवृत्त माणूस. संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकण्यात माझं आयुष्य गेलं. घरी बसवत नाही म्हणून या दोघांच्या शेडमध्ये खोक्यांना पिना मारायला जात होतो. त्यामुळे पुढचं बरंचसं डोळ्यांसमोर घडलं, उरलेलं तिनेच सांगितलं.

शेड सुचिताच्या सासऱ्यांची, प्रभाकररावांची. त्यात एक नालीदार, लाटालाटांचा कागद पाडायची मशीन आणि एक खाचा पाडायची. आशिष आधी दूर पिथमपूरला एका कारखान्यात होता. तिथून तो हे काम शिकून आला. इथे खळ शिजवायची, कागदावर कागद चिकटवायचा, वाळवायचा, कापायचा. सोपं दिसतं, पण संध्याकाळी खांदा वर होत नाही. सगळी खोकी एकच संत्रा व्यापारी घेत असे. यंदा पावसाळ्यात त्याचा निरोप आला: आता प्लास्टिकचे कॅरेट वापरणार, धुतले की पुन्हा चालतात.

एकच गिऱ्हाईक होतं, ते गेलं.

प्रभाकरराव रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "दसऱ्यापर्यंत पाहा. मग शेडमध्ये कापूस ठेवाले देतो. जिनिंगवाला विचारून राहिला."

"अन् मशीन?" सुचिताने विचारलं.

"भंगारवाला नेते."

मशीनी गेल्या की आशिष पिथमपूरला जाणार, हे कोणाला सांगावं लागलं नाही. पहिल्या खेपेला तो गेला तेव्हा मुलगी रांगत होती. परत आला तेव्हा ती त्याला पाहून आजीच्या मागे लपली. सुचिताला ते पुन्हा नको होतं. तिची सगळी धडपड त्यासाठीच होती.

पांढुर्ण्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती खोक्यात संत्री भरून निघे. दुकानदार संत्री पाहत. एकाने विचारलं, "कशी किलो?" खोक्याबद्दल कोणी विचारेना. मिठाईवाल्याला छापील डबे हवे होते, ते इथे होत नव्हते. लोधीखेड्याच्या हार्डवेअरवाल्याला पोतं पुरत होतं. बोरगावकडे एका कारखान्याच्या फाटकावर चौकीदाराने तिचा नमुना ठेवून घेतला. चार दिवसांनी ती विचारायला गेली, तर त्यात त्याच्या चपला होत्या.

"साहेबानं पाहिलं का?"

"पाहिलं ना. म्हणे नागपूरहून ट्रकनं येते आपल्याकडे. तुम्ही ट्रकभर देता का?"

देऊ शकत नव्हते. ती पायी स्टँडवर आली. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता, नुसतं दमट होतं. बसमध्ये बसल्यावर तिने पाय वर घेतले तेव्हा टाचेला रक्त होतं. माणूस कामातून पळतो की कामात शिरतो, ते त्याच्या पायांवरून कळतं. ही शिरत होती, आणि तिथे काही सापडत नव्हतं.

मग तेरवीचं जेवण आलं. सुचिताचे मावससासरे वारले होते, त्यांचं तेरावं. पंगतीत आम्ही जवळच बसलो होतो. तिने पापड मोडला, तोंडात घातला, आणि थांबली. पुन्हा हुंगला.

"काकाजी, पापडाले उदबत्तीचा वास येते का?"

मी खाल्ला. येत होता. मला वाटलं, फोटोपुढच्या उदबत्तीचा असेल.

"नाही," ती म्हणाली. "पापडातच हाय." ती हात न धुताच आचाऱ्याकडे गेली. पापड सावरगावच्या यमुनाबाईंचे होते. त्यांच्याकडे बायका कामाला आहेत, पापड आणि कुरडया नागपूरपर्यंत जातात.

दुसऱ्या दिवशी ती स्टँडजवळच्या मनोहरच्या रद्दीच्या दुकानात गेली. मनोहर जुनी खोकीही विकतो.

"भाऊ, सावरगावच्या यमुनाबाई तुमच्याकडून खोके नेते का?"

"नेते ना. काहून? माझं गिऱ्हाईक पळवतं का?"

"कशाचे नेते?"

"जे असन ते. साबणाचे, उदबत्तीचे. पापड काय विचारते का, आधी इथं कोण राहत होतं?"

तो स्वतःच्याच विनोदावर हसत बसला. सुचिता तिथून थेट शेडमध्ये आली. त्या दिवशी पहिल्यांदा तिने घाईघाईने चहा घेतला नाही, बसून घेतला.

मग ती नवं खोकं घेऊन सावरगावला गेली. यमुनाबाई जाडजूड बाई. पीठ लागलेल्या हातांनीच त्यांनी सगळं ऐकलं. नागपूरचा एक दुकानदार वास येतो म्हणून माल परत करून गेला होता. त्यांना वाटत होतं, कामावरची कोणी तरी वासाचं तेल लावून येते. दोघींना त्यांनी बोलूनही घेतलं होतं. सुचिताचं खोकं त्यांनी तोंडाजवळ नेलं, आत नाक घातलं आणि परत दिलं.

"आंबलं हाय."

"नवीन हाय बाई ते!"

"नवीन असन. खळ शिळी हाय. कुरडईचा चीक एक दिवस जास्त राह्यला का असाच वास येते. मले नको सांगू."

सुचिताने खोकं स्वतःच्या नाकाशी नेलं. खरं होतं ते. आशिष मोठं पातेलंभर खळ शिजवून ठेवी आणि ती संपेपर्यंत वापरी. संत्र्याला त्याचा वास लागत नाही, म्हणून कधी कोणी बोललं नव्हतं.

"बिना वासाचं करून आणतो म्हटलं तर?"

"आण. माझे पापड त्यात बंद करून ठेवीन. मग पाहू."

पोळा तोंडावर होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात; त्या दिवशी नदी ओलांडून सावरगावला जाता येत नाही. खोकी त्याआधी पोचायला हवी होती. सुचिता पहाटे उठून लागेल तेवढीच खळ शिजवी. उरलेली फेकून पातेलं घासून घेई. पुठ्ठा वाळेना. उघडीप मिळाली की आम्ही सगळे पुठ्ठे अंगणात उभे करायचो, ढग आला की आत घ्यायचो. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. प्रत्येक खोक्यात ती डोकं घालून हुंगायची.

आशिष वैतागला. "पापडवाल्या बाईसाठी एवढं? कारखान्याची ऑर्डर असती तर गोष्ट वेगळी."

"कारखाना तुमच्या खोक्यात चपला ठेवते," ती म्हणाली.

तो उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने परत आला आणि पुठ्ठे आत घेऊ लागला, कारण थेंब पडायला लागले होते.

खोकी पोळ्याच्या आदल्या दिवशी पोचली. यमुनाबाईंनी पापड भरून बंद केली. मग वाट पाहणं. जिनिंगवाला टेप घेऊन आला, त्याने शेड मोजली. प्रभाकररावांनी टेपचं दुसरं टोक धरलं. सुचिता खाली बसून पातेलं घासत होती. टेप तिच्या डोक्यावरून गेला तरी तिने मान वर केली नाही.

यमुनाबाईंचा फोन आला तेव्हा ती माझ्यासमोरच होती. फोनचा आवाज मोठा होता.

"काही वास नाही. घेतो मी. दर महिन्याले."

"किती बाई?"

यमुनाबाईंनी आकडा सांगितला. सुचिता "हो" म्हणाली, "बरं" म्हणाली, फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. हिशोब दोघांनाही कळला. तेवढी खोकी एक माणूस मशीनवर उभा राहून सहज काढतो. दुसऱ्याला काम उरत नाही.

प्रभाकरराव म्हणाले, "अर्धी शेड राहू दे. अर्ध्यात कापूस." त्यांच्या मानाने ते पुष्कळच देत होते. दोन्ही मशीनी आम्ही भिंतीला सरकवल्या. त्यांच्यावर कोणी उभं राहायचं, हा प्रश्नच नव्हता: सुचितानेच. पिथमपूरला बाईला काम मिळण्याआधी आशिषला मिळणार होतं. त्याने तिला खाचा पाडायला शिकवलं. पहिल्या दिवशी तिने बराच पुठ्ठा वाया घालवला. दुसऱ्या दिवशी कमी.

दसऱ्याच्या आधीच तो निघाला. स्टँडवर मी होतो, मुलगी आजीच्या कडेवर होती. सुचिताच्या हातात दोरीने बांधलेलं खोकं होतं, आत यमुनाबाईंचे पापड. पांढुर्ण्याला कोणी शेवया करतं असं तिला कळलं होतं.

"दुसरं गिऱ्हाईक भेटलं का फोन कर," आशिष म्हणाला.

"करतो म्हटलं ना. तुम्ही जेवत जा."

आशिषची छिंदवाड्याची बस अजून लागायची होती. पांढुर्ण्याची आधी लागली. सुचिताने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. बाजारात बोहन्या होण्याची वेळ झाली होती. पुढची बस दुपारी होती. त्याची बस येईपर्यंत ती थांबली नाही. खोकं छातीशी धरून ती चढली, आणि खिडकीतून हात हलवायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.