होळीवरचं जू

परकराचा काष्टा मारायचा, वेणीचं टोक दातात धरायचं आणि दुसऱ्याच्या कुंपणातलं लाकूड ओढायचं, ही आमच्या टोळीच्या म्होरकीची रीत. मालक बोंबलत आला की वेणी तोंडातून काढून ती एवढंच म्हणायची, "टाकलं ना होळीवर? मंग आता ते होळीमायचं."

पुढे कोणाची बोलायची टाप नसे. तुम्ही कुठल्याही गल्लीत वाढला असा, कायदा तोच. होळीच्या ढिगावर पडलेलं लाकूड मालकालाही परत मिळत नाही.

कारंज्यातल्या आमच्या गल्लीत पोट्ट्यांची टोळी होती आणि तिची सरदार मुलगी. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, सरपण महाग, तरी पलीकडच्या गल्लीपेक्षा आमची होळी उंच असायचीच. लोक तिला जमादारीण म्हणत. मी स्वतःला तिचा उजवा हात समजायची. खरं म्हणजे माझं काम एकच: कोणी आलं की कोकिळेसारखं ओरडायचं. मी ओरडले की शेजारची शेळी ओ द्यायची.

"तू नाक पूस अन् गुमान बस," जमादारीण म्हणायची. मी तेवढ्यानेही फुगायची.

एका होळीला दुपारीच तिच्या दारात छोटी बैलगाडी, दमणी, उभी राहिली. मानोऱ्याकडचे एक बुवा बाजाराला आले होते, जाताजाता मुलासाठी मुलगी पाहायला थांबले. आमच्या सरदाराला लुगडं नेसवून आत बसवलं. बाहेर आमचा जीव टांगणीला. ही गेली तर टोळी संपली!

मग आमच्या अकला चालल्या. बैल झाडाला बांधलेले होते. आम्ही दमणीच्या जुवाचे दोर सोडले आणि जू नेऊन होळीवर घातलं. एवढा घोर अपमान झाल्यावर पाव्हणे सोयरीक कशाला करतात? कोणी ओढून काढू नये म्हणून मी त्या जुवावर चढून बसले. झाशीच्या राणीच्या थाटात. नाक वाहतच होतं.

बुवा बाहेर आले. "अरे, जू कुठी गेलं?"

मुलीचे वडील काठी घेऊन आमच्यावर धावले. तेवढ्यात तीच दारात आली. तिने होळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काढ ते, पोरी," बुवा तिला म्हणाले. "तुह्यंच ऐकतात ना हे?"

आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. वडील दात-ओठ खात होते. ती पदर सावरत हळूच म्हणाली, "मामा, टाकलं ना होळीवर? मंग ते होळीमायचं. मी बी नाई काढू शकत."

जमलं! आम्हाला वाटलं, सोयरीक मोडली.

पण रात्री जू होळीत जळालं; जुवाशिवाय पाव्हणे जातात कसे? दुसऱ्या दिवशी धुळवड, सुतार कामाला हात लावेना. बुवा दोन मुक्काम राहिले. तिच्या हातचं जेवले, धुळवडीत तिने पोट्ट्यांची भांडणं कशी मिटवली ते ओट्यावर बसून पाहत राहिले. जाताना वडिलांना म्हणाले, "शब्दाची पक्की हाय पोरगी. बापाच्या काठीले भ्याली नाई. मले हेच सून पाह्यजे."

असे आम्ही हुशार! एका दुपारची पाव्हणकी आम्ही लग्नापर्यंत नेली.

वैशाखात ती निघाली. बायका रडत होत्या, मी तर हेल काढून. दमणीत बसलेल्या नवरीने मला बोटाने जवळ बोलावलं. वाटलं, आता गळ्यात पडेल. ती कानात म्हणाली, "रडून काहून राह्यली? मळ्याच्या बांधावर बाभळीचं खोड पडलं हाय. ध्यान ठेव त्याच्यावर."

ठेवलं. पावसाळाभर, हिवाळाभर. होळी आली तसे आम्ही सगळे मिळून त्या खोडाला भिडलो. ते जागचं हललं नाही. कोणी कुठे धरायचं, कधी जोर लावायचा, हे सांगणारं कोणी नव्हतं. शेवटी दमून आम्ही त्याच खोडावर ओळीने बसलो, आणि दिवेलागणीपर्यंत कोणीच घरी जाऊ म्हणालं नाही.