पंखाखालचे टेकू

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण हसायला. पिंपळावरची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा, आपोआप हलणारा झोपाळा... शिकली-सवरलेली माणसं असलं काहीतरी लिहितात आणि वर दहा जण 'अंगावर काटा आला' म्हणून कळवतात! मी स्ट्रक्चरल इंजिनीअर. उभी हयात नाशकात आरसीसीची डिझाइन्स करण्यात गेली. स्लॅब उभा राहतो तो सळईमुळे आणि पडतो तो माणसांमुळे, त्यात तिसऱ्या कोणाचा हात नसतो, असं माझं मत होतं. मत अजून तेच आहे. फक्त २००५ सालची एक सकाळ त्यात बसत नाही, म्हणून लिहितोय.

सुरुवात थोरल्या भावापासून करावी लागेल. दादा गणिताचा प्राध्यापक. इथून निवृत्त झाल्यावर इरिट्रिया नावाच्या देशात शिकवायला गेला. इथिओपियाच्या वर, तांबड्या समुद्राच्या काठाला आहे म्हणे. पहिल्या सुट्टीत आला तो फोटोंचे गठ्ठे घेऊन. नाशिक रोडच्या त्याच्या फ्लॅटवर आम्हाला बसवलं, वहिनींनी पोहे केले आणि दादा सुरू! राजधानी अस्मारा कशी सात हजार फुटांच्या वर, इटालियन लोकांनी रस्ते कसे आखले, विटांचं कॅथीड्रल, त्याचा उंच मनोरा, जुनी सिनेमा थिएटरं. मग रेल्वे. मसावा बंदरापासून बोगदे आणि कमानींचे पूल पार करत डोंगर चढणारी छोटी गाडी. लढाईत सैनिकांनी रूळ उखडून खंदकांना लावले होते, ते निवृत्त रेल्वेवाल्यांनी पुन्हा गोळा करून मार्ग जोडला.

"सत्तरीतले म्हातारे रे! स्वतःच्या हाताने रूळ टाकले त्यांनी," दादा डोळे पुसत म्हणाला.

"मनमाडलाही निवृत्त रेल्वेवाले आहेत. ते पत्ते कुटतात आणि सुखात असतात," मी म्हणालो. आयुष्यभर कसारा घाटातून गेलेला माणूस दुसऱ्याच्या घाटाचं कौतुक करताना रडतो, म्हणजे कमाल आहे.

आणि शेवटी तो पेट्रोल पंप. विमानाच्या आकाराचा. मधे कॉकपिटसारखी केबिन आणि दोन्ही बाजूंना काँक्रीटचे लांबलचक पंख, प्रत्येकी पंधरा मीटर. खाली एकही खांब नाही. १९३८ सालचा. दादाने कथा सांगितली ती अशी : नगरपालिकेला विश्वास नव्हता म्हणून पंखांखाली लाकडी टेकू लावले होते. ते काढायला ठेकेदार तयार होईना, तेव्हा आर्किटेक्टने त्याच्या डोक्याला पिस्तूल लावलं आणि टेकू काढायला लावले. पंख तसेच हवेत राहिले.

"थापा आहेत," मी म्हणालो. "गाइड लोक पर्यटकांना असलंच सांगतात."

"अरे, मी रोज त्याच्यासमोरून कॉलेजला जातो!"

"पिस्तूल बघितलंस?"

दादाने फोटो टेबलावर टाकला. पण माझ्या दुर्दैवाने तिथे खैरनार अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे दादाचे शेजारी, द्राक्षांचे व्यापारी, आणि तेव्हा सिन्नरच्या रस्त्याला लग्नाचं लॉन्स बांधत होते. डिझाइन माझं. त्यांनी तो फोटो उचलला आणि म्हणाले, "साहेब, आपल्या गेटला हेच पंख पाहिजेत. वऱ्हाड विमानाखालून आत आलं पाहिजे."

लग्नाला विमान! मी पुष्कळ समजावलं, उपयोग शून्य. शेवटी पंधरा फुटांचे दोन पंख मान्य केले. अण्णांनी तो फोटो मोठा करून आणला आणि साइटच्या पत्र्याच्या शेडमध्ये, माझ्या टेबलासमोरच्या प्लायवूडवर चिकटवला. चार महिने रोज मी तो बघत होतो. आमचा सेंटरिंगचा, म्हणजे ओल्या काँक्रीटखाली फळ्या आणि लाकडी बल्ल्यांचे टेकू लावणारा, मिस्त्री दगूभाऊ, चांदवडकडचा, चहा पिताना त्याच्यासमोर उभा राहायचा. "लय भारी काम हाय साहेब. खाली काहीच नाय." अण्णांना तर दर भेटीत तेच म्हणायचं असे. टेकू नाही, टेकू नाही... मला त्या फोटोचा वीट आला होता.

आता थोडं कामाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका बाजूने भिंतीत धरलेल्या आणि दुसरीकडे मोकळ्या असलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते. साध्या स्लॅबची खाली. वरची सळई वरच राहावी म्हणून तिच्याखाली वाकवलेल्या लोखंडाच्या 'खुर्च्या' ठेवतात. खुर्च्या कमी पडल्या की घमेली घेऊन फिरणाऱ्या माणसांच्या पायांनी सळईची जाळी खाली दबते. वरून काँक्रीट पडलं की काहीच दिसत नाही. बाहेरून पंख छान, आतून शून्य. म्हणून काँक्रीट पडण्याआधी इंजिनीअरने शिडी चढून वर जायचं, जाळीवर पाय देऊन बघायचं आणि मगच रजिस्टरवर सही करायची.

उजव्या पंखाच्या वेळी मी वर चढलो होतो. डाव्याच्या वेळी ऊन फार होतं आणि मला एका साखरपुड्याचं जेवण गाठायचं होतं. गाडीपाशी उभं राहूनच सळई बांधणाऱ्या फिटरला विचारलं, "तसंच आहे ना सगळं?" तो म्हणाला, "हो साहेब." मी बॉनेटवर रजिस्टर ठेवून सही केली. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

सेंटरिंग काढायचा दिवस. सकाळचे साडेदहा. उजवा पंख मोकळा झाला होता, ठणठणीत होता. दगूभाऊ आणि त्याची माणसं डाव्याखाली शिरली होती. टोकाकडच्या बल्ल्या आधी काढायच्या आणि भिंतीकडे सरकत यायचं, असा क्रम असतो. त्यांचे हातोडे मला शेडमध्ये ऐकू येत होते. मी टेबलावर ड्रॉइंग बघत होतो, हातात लाल मार्कर. सहज वर बघितलं...

फोटोतल्या पंपाच्या डाव्या पंखाखाली टेकू होते. लाकडी. पाच.

मी चष्मा पुसला. जवळ गेलो. दार उघडं, स्वच्छ उजेड. टेकूंच्या सावल्यासुद्धा रस्त्यावर पडल्या होत्या. बोट फिरवलं, कागद गुळगुळीत, वर काही चिकटवलेलं नाही. आणि खरं सांगतो, मला भीती बिती वाटली नाही. मला आनंद झाला! एवढे दिवस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही, पण टेकू होते. म्हणजे दादाची ती पिस्तुलाची कथा बंडल. अण्णांची बोलती बंद. मी मार्करने पाचही टेकूंभोवती गोल काढले, फोटो ओढून काढला आणि बाहेर आलो.

अण्णा झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्यापुढे उभा राहून मी ओरडलो, "दगू! सगळ्यांना घेऊन इकडे ये!"

"साहेब, थोड्याच बल्ल्या ऱ्हायल्या, काढून येतो."

"बल्ल्या कुठे पळून जात नाहीत. आधी ये. एकूण एक जण या!"

कुरकुरत आले सगळे. घाम पुसत गोल करून उभे राहिले. मी फोटो वर धरला. "हे बघा तुमचं विमान! हवेत आहे म्हणे! मोजा टेकू."

 दगूभाऊने मान पुढे काढली.

"कुठं हाय टेकू, साहेब? निस्ते लाल गोल हायेत."

अण्णा मोठ्याने हसले. मी फोटो स्वतःकडे वळवला. पाच लाल गोल. त्यांच्यात नुसता रस्ता.

आणि तेवढ्यात मागे कडाडकन आवाज झाला. उरलेल्या बल्ल्या मोडल्या आणि डावा पंख मुळापासून खाली आला. धूळ बसेपर्यंत कोणालाच काही दिसत नव्हतं. दगूभाऊ आपली माणसं मोजत होता, पुन्हा पुन्हा, नावं घेऊन. सगळे होते. मग तो जमिनीवर बसला आणि त्याने माझे दोन्ही पाय धरले.

"साहेब, तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हणालो, "अनुभव असतो बाबा."

मोडलेल्या काँक्रीटमध्ये सळई तळाला दबलेली होती. खुर्च्या निम्म्याही नव्हत्या. मी सगळ्यांदेखत फिटरला शिव्या घातल्या, अण्णांनी त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. माझी सही कोणी बघितली नाही.

दादाला ई-मेल केला. त्याने उलट लिहिलं की आजच पंपासमोरून आलो, टेकू कसले? मूळ छोटा फोटो त्याच्याकडे आहे, त्यातही नाहीत. एका डॉक्टर मित्राचं म्हणणं, तुझ्या अंतर्मनाला स्लॅब कच्चा असल्याचं माहीत होतं, त्याने तुला दाखवलं. मोठे आले मानसशास्त्र शिकवणारे! माहीत असायला मी वर चढायला हवं होतं ना? आणि न चढताच आतून माहीत होतं म्हणत असाल, तर मग मी माणसं माहीत असून खाली पाठवली. हे स्पष्टीकरण मला नको आहे.

दगूभाऊ आता थकलाय. दर दिवाळीला चांदवडहून येतो, नातवंडांना माझ्या पाया पडायला लावतो आणि सांगतो, "या साहेबांनी हाक मारली म्हणून तुमचा आजा हाय." मी त्याला चहा देतो. तुझा जीव वाचवायला नव्हे, अण्णांना तोंडघशी पाडायला तुला बोलावलं होतं, हे मी त्याला सांगितलेलं नाही. तो हे सदर वाचत नाही, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही.

फोटोत काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. पंख का पडला ते सांगता येतं, आणि त्या फिटरला शोधायला मी एकदाही गेलेलो नाही.