खुंटीवरचा स्वेटर

तिचं 'बोचकेवाली' हे नाव मीच पाडलं. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायला आम्ही दोघी समोरासमोर. चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. आणि तिच्या पायाशी कायम ते भलंमोठं बोचकं. सामान ठेवायला बाहेर व्हरांड्याच्या भिंतीत कुलपाचे कप्पे होते, पण बाई ऐकेल तर शपथ! आमचे मुकादम त्याला दोनदा अडखळले.

"काय गं, सोनंनाणं आहे का त्यात?" मी विचारलं.

"कपडे आहेत, ताई." एवढंच बोलली.

खरं काय ते महिन्याभराने कळलं. राहती खोली सुटल्यापासून ती आणि तिची चार वर्षांची पोरगी रात्रनिवाऱ्यात राहत होत्या. तिथे सकाळी सहाला सगळ्यांनी बाहेर पडायचं, आणि मागे राहिलेली वस्तू सरळ कचऱ्यात. पोरीची बाहुली अशीच गेली. तेव्हापासून हिने तिला पढवून ठेवलं होतं: उठलीस की पांघरूण घडी कर, बूट घाल, सगळं उचल, दाराशी थांब.

दिवसा पोरीला निवाऱ्यातली एक आजी बागेत घेऊन बसायची. आजीला तिच्या लेकाने गावी नेलं आणि हिच्या तोंडचं पाणी पळालं. मुकादमांनी खटपट करून हॉस्पिटलच्या पाळणाघरात सोय लावली. तिथल्या बाई म्हणाल्या, "पाच दिवस बघू." तिथे नाही जमलं तर नोकरी सुटली, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा निरोप आला. मीही सोबत गेले. बघते तर काय, आठ पांघरुणांच्या काठाला काठ लावून घड्या. आठ पोरं डोळे चोळत, बूट घालून दाराशी रांगेत, निम्मी भोकाड पसरलेली. पुढे आमची पोरगी, दप्तर पाठीला लावून दरडावत होती, "लवकर करा, नाहीतर टाकून देतील!"

"रोज हेच," बाई म्हणाल्या. "कुणाची झोप होत नाही. परवापर्यंत रुळली तर ठीक, नाहीतर माझाही नाइलाज आहे."

मला आधी हसू आलं. मग स्वतःचीच लाज वाटली. ते नाव मी पाडलं होतं ना.

आई पोरीसमोर खाली बसली. "इथे कुणी काही टाकत नाही, बाळा."

"कशावरून?"

भिंतीवर बदकाचं चित्र लावलेली पोरीची खुंटी पहिल्या दिवसापासून रिकामीच होती. आईने पोरीच्या अंगातला लाल स्वेटर काढला. तिच्याकडे तो एकच होता. तो खुंटीला टांगून ती म्हणाली, "उद्या बघ."

त्या रात्री थंडी होती. मला घरात बसून त्या स्वेटरचाच घोर लागला होता.

सकाळी मी उगीचच लवकर गेले. पोरगी धावत खुंटीपाशी गेली. स्वेटर होता. तिने दोन्ही बाह्या चाचपल्या, खिशात हात घालून बघितलं, आणि स्वेटर तिथेच राहू दिला. दुपारी बूट काढून झोपली, असं बाईंनी मुद्दाम येऊन सांगितलं.

ते ऐकून बोचकेवाली उठली. बोचकं बाहेरच्या कप्प्यात ठेवलं, कुलूप लावलं आणि परत येऊन चादरीची टोकं धरली. दहा चादरी झाल्या.

"ताई, जरा बघून येते हं."

आली. आणखी दहा झाल्यावर पुन्हा गेली. तिसऱ्यांदा तिचे हात थांबले, तेव्हा मी कप्प्याची किल्ली मागून घेतली.

"तू बस. या खेपेला मी बघून येते."